मरून दोऱ्याची बाटली

बावीस वर्षांत बाजारातल्या लोकांनी तेलबाई पाहिल्या त्या अर्ध्याच. काउंटरच्या वर जेवढ्या दिसतील तेवढ्या. गाड्यांचे सुटे भाग विकणारं ते दुकान, छातीइतका उंच काउंटर, त्यावर जाड काच, काचेखाली प्लग आणि बेअरिंगं मांडलेली, आणि मागे तेलाच्या डब्यांच्या भिंतीला पाठ लावून उभ्या असलेल्या बाई. चष्मा कपाळावर, पेन केसांत. त्यात काउंटरमागची फरशी एक पायरी खाली होती, म्हणून सगळ्यांना त्या बुटक्या वाटायच्या. गॅरेजवाले तर त्यांना नुसत्या आवाजावरून ओळखायचे, आणि त्या बुटक्या असल्याचं ऐकून होते. सकाळी फोन करायचा, बाईंचे चार शब्द ऐकून घ्यायचे, आणि दुपारी माल दारात यायचा, अशी वर्षानुवर्षांची वहिवाट.

ऐकवायच्या त्या एकाच गोष्टीवरून. कुणी काचेवर हात ठेवून नुसतं मोटारसायकलचं तेल द्या म्हणालं, की झालीच सुरुवात. कुठली मोटारसायकल? किती पळालीय? गाडीबरोबर पुस्तक आलं होतं ते कुठे आहे? माळ्यावर? मग आधी माळ्यावर चढा. शेजारी हेच घालतो म्हणालात तर शेजाऱ्यालाच घेऊन या. आणि एखादा ऐटीत सगळ्यात महागडं द्या म्हणाला, तर बाई डबा उलटा करून मागच्या बारीक अक्षरांवर पेन टेकवायच्या. पुढे चित्र असतं, मागे माहिती असते. हे आकडे तेलाच्या जाडीचे, ते पुस्तकात दिलेत तेच हवेत. आणि खाली एमए ही दोन अक्षरं आहेत का बघा. नसतील तर गिअरच्या मोटारसायकलला ते तेल दाखवूसुद्धा नका. तिचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो. कारचा नसतो, म्हणून कारच्या बऱ्याच तेलांत जास्तीचा निसरडेपणा घातलेला असतो. तो क्लचच्या चकत्यांना लागला की त्या एकमेकींना धरेनाशा होतात. पटत नसेल तर घरी जाऊन साबणाच्या हाताने बरणीचं झाकण उघडून बघा.

एवढं सगळं तोंडपाठ, आणि बाईंना स्वतःला मोटारसायकल चालवता येत नव्हती. हसायचं काही कारण नाही. आयुष्यभर चष्मे विकणाऱ्या कितीतरी माणसांची नजर उत्तम असते. पण त्या वर्षी दुकानाचा फिरतीवरचा माणूस काम सोडून मुलाकडे राहायला गेला. चाळीस गॅरेजं हिंडून कुणाला काय हवं ते विचारायचं, नवं तेल समजावून सांगायचं, असं ते काम. मालकांच्या मनात त्यांचा भाचा होता. भाचा म्हणजे असा, की तेल म्हणजे तेल, उगाच डोकं कशाला चालवायचं, हे त्याने बाईंच्या देखत म्हटलं होतं. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या मालकांपुढे जाऊन म्हणाल्या, मला पाठवा. मालक हसले. बाई हसत नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांनी सांगितलं, की परवाना आणून दाखवा, तीन महिने थांबतो. अमुक सोमवारी परवाना टेबलावर दिसला तर काम तुमचं, नाहीतर भाच्याचं.

त्या तीन महिन्यांत बाईंचं वय एकोणपन्नासावरून एकोणीसवर आलं असं घरचे म्हणायचे. जुनी पण धडधाकट मोटारसायकल घेतली. धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, रोज सकाळी बाजारामागच्या मोकळ्या मैदानावर शिकवायला यायचे. बाई पडल्या, उठल्या, पुन्हा पडल्या, एकदा कुंपणात शिरल्या आणि कुंपणालाच दोन शब्द सुनावून बाहेर आल्या. चाळीस गॅरेजवाल्यांचे आवाज त्यांना पाठ होते. कोण खोकतो, कोणाच्या मागे रेडिओ चालू असतो, कोण उधळ्या आणि कोण चिक्कू, सगळं माहीत. पण एकाचंही तोंड पाहिलेलं नव्हतं. ती तोंडं बघायची होती. काउंटरच्या पलीकडे जायचं होतं. ही इच्छा त्यांना इतकी होती, की परवान्याची परीक्षा शुक्रवारी आणि मालकांचा सोमवार लगेच त्यापुढे, मधे दुसरी संधी नाही, हे कळल्यावर त्यांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पुढची तारीख थेट सहा आठवड्यांनी होती.

आता घरातल्या बाटल्यांचं सांगायला हवं, कारण घोटाळा तिथेच झाला. दुकानातल्या पिंपाच्या तळाशी राहिलेलं तेल बाई मालकांना सांगून घरी न्यायच्या, पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरून. बाटलीवर कागद चिकटवला तर तेलकट होऊन दोन दिवसांत गळून पडायचा. म्हणून बाईंनी बाटलीच्या गळ्याला दोरा बांधायची पद्धत पाडली. दोऱ्यांना घरात तोटा नव्हता, कारण बाईंचे यजमान शिंपी होते. पुढच्या खोलीत त्यांची दोन शिलाई यंत्रं, सगळे त्यांना मास्तर म्हणत. हिरवा दोरा म्हणजे मास्तरांच्या यंत्राचं तेल. नारिंगी म्हणजे भाऊजींच्या जुन्या कारचं. लाल म्हणजे बाईंच्या मोटारसायकलचं. जगाला डब्याच्या मागचं वाचायला लावणारी बाई स्वतःच्या घरात दोऱ्यावर चालायची. असं असतं ते.

मास्तर तसे कमी बोलणारे. यंत्राच्या गाड्यांची त्यांना धास्ती, स्वतःची सायकल सोडून ते कशावर बसत नसत. पण एका बाबतीत त्यांना अभिमान होता, तो म्हणजे रंग. गिऱ्हाइकाने कापडाचा तुकडा टाकला, की ते शंभर रिळांतून नेमकं तेच रीळ काढायचे. उन्हात नेऊन बघा, सावलीत बघा, फरक दिसला तर शिलाई फुकट. तर परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी मास्तरांना वाटलं, बायको एवढी धडपडते आहे, आपणही काहीतरी करावं. म्हणून त्यांनी बाटल्यांची फळी साफ केली, बाटल्या पुसल्या, आणि त्यांच्या गळ्यातले चिकट, मळके दोरे काढून नवेकोरे बांधले. अगदी रंगाला रंग जुळवून.

संध्याकाळी बाई घाईघाईने आल्या. परीक्षेआधी तेल बदलायचंच असं त्यांनी ठरवलं होतं, कारण जुनं काळं तेल घेऊन परीक्षेला जाणं म्हणजे मळका सदरा घालून लग्नाला जाण्यासारखं. फळीवर समोरच लाल दोऱ्याची बाटली लखलखत होती. नवा दोरा बघून बाईंना मास्तरांचं इतकं कौतुक वाटलं, की त्यांनी बाटली उचलली आणि गुणगुणत तेल ओतलं. बोटावर घेऊन चोळलंही. पण कोरं तेल सगळं सारखंच, मधासारखं. बोटाने काही कळत नाही, हे त्यांनीच हजार जणांना सांगितलं होतं. ओतून झाल्यावर त्यांनी गल्लीत सात-आठ फेऱ्या मारल्या आणि खुशीत घरात आल्या.

शुक्रवारी सकाळी भाऊजी गाडी चालवत होते आणि बाई मागे. परीक्षेचं मैदान चार किलोमीटरवर. वाटेतल्या चढावर गाडी नुसतीच ओरडायला लागली तसं भाऊजी म्हणाले, वहिनी, गाडी आज जडच वाटतेय, काल जेवण जरा जास्तच झालं का? बाईंनी त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. पण तो आवाज कानात राहिला. इंजिन वर जातंय, आणि गाडी पुढे जात नाहीये.

मैदानावर साठेक माणसं, आठच्या आकड्याच्या पांढऱ्या रेघा, आणि टोकाला सिमेंटचा चढ. आधी आठ काढायचा, मग चढावर अर्ध्यात थांबून, गाडी मागे न घसरता पुन्हा निघायचं. तपासणारे साहेब एका खुर्चीवर, मांडीवर कागद. कुणालाही ते दुसरी संधी देत नव्हते, दोघांना तर मान वर न करताच परत पाठवलं होतं. बाईंचा नंबर एकतिसावा, आणि पुकारा चालला होता अकराव्याचा. बाईंनी फाटकाजवळच्या उंचवट्यावर गाडी नेऊन बघितली. रेस दिली. इंजिन किंचाळलं, गाडी जागच्या जागी थरथरली आणि चक्क मागे यायला लागली.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आजूबाजूचे लगेच जमले. एक म्हणाला क्लचच्या चकत्या गेल्या, एक म्हणाला केबल ताणा, एकाने पेट्रोलवर संशय घेतला, आणि भाऊजींनी सगळ्यांच्या म्हणण्याला मान डोलावली. बाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. चकत्या काल दुपारपर्यंत ठणठणीत होत्या. केबलला हात लावलेला नाही. काल आणि आज यांच्यात बदललं ते एकच, तेल. बाईंनी फोन काढून घरी लावला.

"अहो, काल बाटल्यांना हात लावलात?"

मास्तर खूश झाले. शेवटी कुणीतरी विचारलं. पुसल्या, नवे दोरे बांधले, कुठे फरक दिसला तर सांग, असं त्यांनी भरभरून सांगितलं.

"लाल कुठल्या बाटलीला बांधलात?"

"लाल होता तिलाच लाल. मरून होता तिला मरून."

बाई हळू म्हणाल्या, "आपल्याकडे मरून नव्हताच, अहो. कधीच नव्हता."

तीन महिने तेल पिऊन नारिंगी दोरा लाल झाला होता आणि लाल दोरा मरून झाला होता. मास्तरांची नजर तसूभरही चुकली नव्हती. समोर जो रंग दिसला तोच त्यांनी जुळवला. अशी चूक जगात दुसऱ्या कुठल्या घरात झाली असती सांगा बरं. बाईंना मास्तरांचा राग आला नाही. राग आला स्वतःचा, आणि त्याहून जास्त लाज वाटली. बावीस वर्षं लोकांना माळ्यावर चढवलं, आणि स्वतःच्या गाडीत स्वतःच्या हाताने कारचं तेल ओतलं. भाच्याने हे ऐकलं तर काय म्हणेल, या विचाराने त्यांचे कान तापले. आणि मग, खरं सांगायचं तर, त्यांना हसू फुटलं. इतकं, की भाऊजींना वाटलं वहिनींच्या डोक्यावर परिणाम झाला.

"मरून बाटली घेऊन या," त्या फोनवर म्हणाल्या. "आत्ता, असाल तसे."

सतराव्याचा पुकारा झाला होता. बाईंनी पदर खोचला, सीटखालचे पाने काढले, आणि पहारेकऱ्याकडून एक फुटकी बादली मागून आणली. तेल अजून गरम होतं. तळचा बोल्ट सैल करताना त्यांची दोन बोटं पोळली, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही. बादलीत धार लागली, सोनेरी, स्वच्छ, अगदी उत्तम प्रतीचं तेल. भाऊजी हळहळले, की हे माझ्या गाडीचं. मग म्हणाले, राहू दे, कोपऱ्यात मातीत ओतून टाकतो. बाईंनी नुसतं वर पाहिलं. भाऊजी बादली धरून मुकाट उभे राहिले.

विसावा. बाविसावा. चढावर एक मुलगी घसरत मागे आली आणि साहेबांनी रेघ मारली. पंचविसावा. बाई फाटकाकडे बघत होत्या. चार किलोमीटर, मास्तरांचे गुडघे, आणि मधला तो चढ. सत्ताविसाव्याला फाटकातून सायकल आत आली. गळ्यात मापाची पट्टी तशीच, एका पायात घरातली चप्पल आणि दुसऱ्यात बाहेरची, आणि हँडलला कापडी पिशवी. मास्तर इतके धापा टाकत होते, की त्यांना बोलता येईना. त्यांनी नुसती बाटली पुढे केली. गळ्याला सुबक गाठ मारलेला मरून दोरा.

मग बाईंनी जे केलं ते सगळं मैदान बघत होतं. आधी थोडंच तेल घालून इंजिन मिनिटभर चालवलं, क्लचची मूठ वीसदा दाबली-सोडली, म्हणजे चकत्या धुतल्या जातील. ते तेल काढलं. बोल्ट घट्ट केला. मग उरलेलं मोजून भरलं. भोवतीची माणसं पुकारे मोठ्याने सांगत होती, अठ्ठावीस, एकोणतीस, जशी काही आपलीच बहीण शर्यतीत उतरली आहे. भाऊजींनी उंचवट्यावर गाडी नेऊन पाहिली आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आणली. पुष्कळ सुधारली होती, पण जोरात रेस दिली की अजून निसटत होती. एकदा लागलेला निसरडेपणा एका धुण्यात जात नाही, हे बाईंना माहीत होतं. भाऊजी म्हणाले, वहिनी, सहा आठवडे म्हणजे काही फार नाहीत. बाईंनी त्यांच्या हातातून गाडी घेतली. तेवढ्यात एकतीस पुकारला गेला.

आठ छान निघाला. पाय टेकला नाही, रेघ ओलांडली नाही. मग चढ. अर्ध्यात साहेबांनी हात दाखवला आणि बाई थांबल्या. पाय ब्रेकवर, छाती अशी धडधडत होती की इंजिन चालू आहे की बंद तेही कळेना. खालून सगळे ओरडले, रेस द्या, रेस द्या. सगळेच तसं करतात. पण रेस दिली की चकत्या निसटणार, गाडी मागे येणार, आणि सोमवारी भाचा चाळीस गॅरेजांना तेल म्हणजे तेल सांगत फिरणार. बाईंनी रेस दिली नाही. नावापुरती मूठ फिरवली आणि क्लच सोडायला लागल्या, केसभर, आणखी केसभर. इंजिनचा आवाज खाली गेला, आणखी खाली, गाडी हुडहुडी भरल्यासारखी थरथरली. आता बंद पडणार. बाई पुढे वाकल्या, क्लच आणखी केसभर सोडला, आणि चकत्यांनी एकमेकींना धरलं. तो धरल्याचा झटका बाईंना तळहातात कळला. त्यांनी ब्रेक सोडला. गाडी मागे आली नाही. मुंगीच्या पावलाने, हळू हळू, ती वर निघाली आणि शेवटी माथ्यावर पोचली. खाली मैदानात एकच गलका झाला. मास्तर पट्टी हातात घेऊन लहान मुलासारखे उड्या मारत होते.

साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. सगळे रेस देतात, तुम्ही का दिली नाहीत, असं त्यांनी विचारलं. बाईंना काहीही थाप मारता आली असती. त्यांनी खरं ते सांगितलं, की मी तेलाच्या दुकानात काम करते, आणि काल मीच चुकीचं तेल ओतलं. साहेबांनी त्यांच्या काळ्या हातांकडे बघितलं, मग कागदावर सही केली.

"हात पुसून घ्या," ते म्हणाले. "परवान्याला डाग पडेल."

परत जाताना बाईंनी मास्तरांना मागे बसवलं. जन्मात पहिल्यांदा. मास्तरांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते, आणि चढ आला की क्लचला त्रास नको म्हणून उतरून चालत होते. भाऊजी सायकलवरून मागे येत होते, हँडलला तेलाची बादली सांभाळत, आणि वहिनीच्या नावाने बडबडत. शनिवारी बाईंनी पुन्हा तेल बदललं आणि रविवारी आणखी एकदा, तेव्हा कुठे गाडी पूर्वीसारखी धरायला लागली. घरातल्या बाटल्याही गेल्या. आता डबेच, मागे लिहिलेले.

सोमवारी परवाना मालकांच्या टेबलावर होता. भाचा काउंटरमागे एक पायरी खाली उभा राहिला आणि बाई हेल्मेट घेऊन बाहेर पडल्या. पहिलं गॅरेज सगळ्यात लांबचं निवडलं, ज्याच्या फोनमागे एकोणीस वर्षं रेडिओ वाजत होता. रेडिओ आजही वाजत होता. एका मोटारसायकलखालून दोन पाय बाहेर आलेले. बाई दारात उभ्या राहिल्या, आणि नेहमीच्या सुरात त्यांनी विचारलं.

"डब्याच्या मागचं वाचलंत का? की मी वाचून दाखवू? परवा मीच वाचलं नव्हतं."

पाय थबकले. एक पांढऱ्या मिशांचा माणूस सरपटत बाहेर आला. हात पुसायचं विसरून तो उठला, बाईंच्या चपलांपासून हेल्मेटपर्यंत बघत गेला, आणि त्याला मान वर करावी लागली.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही एवढ्या उंच आहात?"

बाईंनी हेल्मेट काढून काखेत धरलं, त्याच्या तोंडाकडे डोळे भरून बघितलं, आणि मग म्हणाल्या, "हो."